व्यवसायातला बदल: रेटणारी बलं, रोखणारी बलं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्स फील्ड अ‍ॅनालिसिस म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला बलक्षेत्र विश्लेषण म्हणता येईल. नाव भारदस्त आहे, कृती साधी आहे. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारायची. ती रेघ म्हणजे आजची स्थिती. डावीकडून तिला पुढे ढकलणारे बाण काढायचे, ही रेटणारी बलं. उजवीकडून तिला थोपवून धरणारे बाण काढायचे, ही रोखणारी बलं. ज्या बलाचा जोर जास्त, त्याचा बाण मोठा. मग विचारायचं, की रेघ पुढे सरकवायची तर कोणत्या बाणाला हात घालावा?

बहुतेक जण बाण काढेपर्यंत मन लावून काम करतात. शेवटच्या प्रश्नापाशी आले की जेवणाची सुट्टी होते.

ही कल्पना कुणाची?

कुर्ट लेविन यांची. जन्म १८९०, तेव्हाच्या प्रशियातल्या आणि आजच्या पोलंडमधल्या मोगिल्नो गावी. बर्लिनमध्ये मानसशास्त्राचं काम केलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असल्यानं जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. कॉर्नेल, मग आयोवा, आणि शेवटी एमआयटीत त्यांनी गटांच्या वर्तनाचा अभ्यास करणारं केंद्र उभं केलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी ते गेले. ज्या लेखात त्यांनी गट, समतोल आणि बदल यांची सविस्तर मांडणी केली, तोही १९४७ सालचाच.

‘क्षेत्र’ हा शब्द त्यांनी पदार्थविज्ञानातून उचलला. माणूस कसा वागतो हे त्याच्या स्वभावावरून जितकं ठरतं तितकंच त्याच्याभोवतीच्या परिस्थितीवरून ठरतं, असं ते म्हणत. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते, जखमीही झाले. १९१७ मध्ये त्यांनी लिहिलं, की आघाडीजवळ जाणाऱ्या सैनिकाला तीच जमीन वेगळी दिसू लागते. शांततेच्या काळात जे नुसतं शेत असतं, ते तिथे आडोसा किंवा धोका होतं. कंपनीतही हेच घडतं. वरच्या मजल्यावरून सोयीचं दिसणारं नवं सॉफ्टवेअर खालच्या मजल्यावर उघड्या माळासारखं दिसू शकतं, जिथे लपायला जागा नाही.

काहीच बदलत नसेल तर तिथे बलं कसली? ती तर नुसती सुस्ती.

लेविन यांची सगळ्यात मोलाची गोष्ट नेमकी इथे आहे. स्थिर दिसणारी गोष्ट स्थिर नसते, ती समतोलात असते. त्यांनी नदीचं उदाहरण दिलं होतं. नदीचा वेग रोज साधारण तोच दिसतो, पण पाणी थांबलेलं नसतं. उतार त्याला ओढतो, पात्रातले खडक आणि काठ त्याला अडवतात, आणि या ओढाताणीतून एक वेग ठरतो. वेग बदलायचा तर पात्र रुंद किंवा अरुंद करावं लागतं, खडक काढावे लागतात.

म्हणून ‘बदल का होत नाही?’ असं वैतागून विचारण्याआधी ‘आज जे चाललंय ते इतकं नीट टिकून कसं आहे?’ असं कुतूहलानं विचारावं. बिलं महिन्याच्या शेवटीच निघतात, बैठक नेहमी वीस मिनिटं उशिरा सुरू होते, या गोष्टी कुणीतरी, कशामुळे तरी रोज टिकवून धरलेल्या असतात.

मग ही फायद्या-तोट्यांच्या यादीपेक्षा वेगळी कशी?

फायदे-तोटे हे निर्णयाचे असतात आणि भविष्यात असतात. बलं आज, या क्षणी काम करत असतात. ‘नव्या पद्धतीनं वेळ वाचेल’ हा फायदा झाला. तो बल आहे का? ज्याचा वेळ वाचणार त्याला तो वाचायला हवा असेल तरच. वाचलेल्या वेळात त्याच्यावर आणखी काम टाकलं जाणार हे त्याला माहीत असेल, तर तोच फायदा उजवीकडचा बाण होतो. प्रत्येक नोंदीपुढे ‘हे नेमकं कुणाला ढकलतं?’ असं विचारलं की अर्धी यादी गळून पडते.

प्रत्यक्षात करायचं कसं? एखादं उदाहरण द्या.

समजा, एक मोठं गोदाम आहे. माल आला-गेला की कामगार वहीत लिहितात आणि संध्याकाळी कुणीतरी ते संगणकावर उतरवतं. व्यवस्थापनाला हवं आहे की माल हलला त्याच वेळी हातातल्या स्कॅनरनं नोंद व्हावी.

पहिलं काम म्हणजे बदल मोजता येईल अशा शब्दांत लिहिणं. ‘गोदामाचं आधुनिकीकरण’ असं लिहिलंत तर पुढचं सगळं वाया जाईल, कारण त्याला विरोध करायला कुणीच पुढे येणार नाही. ‘माल हलल्यापासून नोंद होईपर्यंत आज पाच-सहा तास जातात, ते दहा मिनिटांवर आणायचे’ असं लिहिलं की लोक खुर्चीत सावरून बसतात.

डावी बाजू पटकन भरते. महिनाअखेरीला वहीतला साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नाही. विक्रीतले लोक ग्राहकाला ‘माल आहे’ म्हणून सांगतात आणि तो नसतो. हिशेब तपासनीसांचे शेरे येतात. वरिष्ठांचा आग्रह आहेच.

उजवी बाजू भरायला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. पहिल्या फेरीत ‘लोकांची मानसिकता’ असं एक वाक्य येतं. ते खोडून टाका. मानसिकता हा बाण नव्हे, कंटाळलेल्या माणसाचा शेरा आहे. थोडं थांबलात तर खरी कारणं येऊ लागतात. मागच्या रॅककडे वायफाय पोचत नाही. हातमोजे घालून स्कॅनरचा पडदा चालत नाही. पहिले काही आठवडे वही आणि स्कॅनर दोन्ही सांभाळावे लागणार, म्हणजे दुप्पट काम. कोणता माल कुठे आहे हे तोंडपाठ असलेला एक ज्येष्ठ कर्मचारी आहे, आज सगळे त्याला विचारायला येतात, उद्या स्कॅनरला विचारतील. आणि सगळ्यात शेवटी, खोलीतले दोघे-तिघे बाहेर गेल्यावर, कुणीतरी हळूच म्हणतं: आता चूक कुणाची ते नावासकट दिसणार.

आता एकेक बाण घ्या. वायफाय हा आठवडाभराच्या कामाचा आणि एका खरेदीचा प्रश्न आहे. हातमोज्यांचा प्रश्न बटणांचा स्कॅनर घेतला की मिटतो. दुप्पट कामावर उपाय म्हणजे वही बंद होण्याची तारीख आधीच जाहीर करणं आणि ती पाळणं. ज्येष्ठ कर्मचाऱ्याचा प्रश्न नाजूक आहे, पण सुटण्यासारखा आहे. रॅकना क्रमांक कसे द्यायचे, कोणता माल कुठे ठेवायचा, ही आखणी त्याच्या हाती द्या. त्याच्या डोक्यातलं ज्ञान त्या यंत्रणेत उतरेल आणि त्याचा मानही राहील. शेवटच्या भीतीवर गोड बोलून काही होत नाही. पहिले तीन महिने चुकांचा अहवाल व्यक्तिवार निघणार नाही, असं लेखी द्यावं लागतं. आणि मग तो खरोखर काढायचा नाही.

पाहा, या सगळ्यात डाव्या बाजूला आपण हातही लावला नाही.

जोर वाढवला तर काय बिघडतं? वरून दबाव आला की कामं होतात, हा अनुभव आहे.

होतात. पण समतोल डावीकडचा जोर वाढवूनही पुढे सरकवता येतो आणि उजवीकडचा अडथळा काढूनही. लेविन म्हणत की रेघ दोन्ही वेळा सारखीच सरकेल, पण पहिल्या मार्गात ताण चढतो आणि दुसऱ्यात उतरतो. चढलेला ताण दमणूक, चिडचिड, आक्रमकता अशा रूपांत बाहेर पडतो.

त्याच गोदामात स्कॅन न केल्यास दंड लावला असता तर नोंदी नक्की वाढल्या असत्या. माल हलो न हलो, पाळी संपताना सगळं एकदम स्कॅन झालं असतं. पडद्यावर आकडे सुंदर आणि रॅकवर तीच गडबड, शिवाय खरं काय ते सांगणारी वहीही गेली. दबाव काढला की रेघ परत मागे येते, ते वेगळंच. हँडब्रेक ओढलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढे जाते, फक्त जळका वास येतो.

अपवाद आहेत. कामगाराचा जीव धोक्यात आहे, कायद्याची मुदत उद्या संपतेय, अशा वेळी जोर लावावा आणि ताण नंतर निस्तरावा. पण तसा प्रसंग रोज येत नाही.

गुण द्यायचे का? बेरीज करून निर्णय घेता येतो?

प्रत्येक बाणाला १ ते ५ गुण देऊन दोन्हीकडची बेरीज करण्याची पद्धत खूप ठिकाणी शिकवली जाते. गुण जरूर द्या, बेरजेवर मात्र फार विसंबू नका. वरच्या उदाहरणात डावीकडे ५, ४, ४, ३ म्हणजे १६ आणि उजवीकडे ४, ३, ३, ४, ५ म्हणजे १९ असं आलं, तर ‘बदल तीन गुणांनी हरला’ असा निष्कर्ष निघतो का? उजवीकडचे दोन अडथळे साध्या खरेदीनं जाणारे आहेत. उलट कधी एकच बाण असा असतो की बाकी दहा बाणांची बेरीज त्याच्यापुढे निरर्थक ठरते. सही करणारा माणूस सही करणार नसेल तर डावीकडे ४० गुण असून काय उपयोग?

गुणांचा खरा उपयोग दुसरा आहे. सगळ्यांनी एकमेकांना न दाखवता गुण लिहावेत आणि मग एकदम उघड करावेत. एकाच बाणाला एकानं १ आणि दुसऱ्यानं ५ दिले असतील, तर तिथे थांबा. त्या दोघांना कंपनी वेगवेगळी दिसतेय. पुढचा अर्धा तास त्यावर घालवला तर तो सत्कारणी लागेल.

शक्य असेल तर दुसराही एक आकडा लिहावा: हा बाण हलवणं आपल्या हातात किती आहे? जोर मोठा आणि हातात असणारा बाण आधी घ्यावा. जोर मोठा पण हाताबाहेरचा असेल, तर त्याला वळसा घालून जाण्याची तजवीज करावी.

या चर्चेला कुणाकुणाला बसवायचं?

ज्यांच्या हाताखालून बदल जाणार आहे त्यांना. माझं मत जरा टोकाचं आहे: उजवी बाजू व्यवस्थापकांनी भरूच नये. त्यांनी भरलेली उजवी बाजू म्हणजे त्यांना वाटणारी इतरांची कारणं. आळस, अज्ञान, सवय अशीच नावं तिथे येतात, आणि अशा निदानावर औषध एकच सुचतं: प्रशिक्षण. प्रशिक्षण झाल्यावरही मागच्या रॅककडे वायफाय पोचत नाहीच.

वरिष्ठांसमोर लोक बोलत नसतील तर आधी चिठ्ठ्या लिहून घ्या, किंवा उजव्या बाजूपुरते वरिष्ठांना बाहेर ठेवा. आठ-दहा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की बाण कमी आणि भाषणं जास्त होतात.

विरोध करणारा माणूस म्हणजेच रोखणारं बल का?

नाही. तक्त्यात माणसांची नावं लिहू नयेत. ‘हिशेब विभागाचे प्रमुख’ हे बल नव्हे. ‘चुकीची नोंद झाली तर जबाबदारी हिशेब विभागावर येते’ हे बल आहे. नाव लिहिलं की त्या माणसाला बाजूला कसं सारायचं याची चर्चा सुरू होते. तो गेला तरी त्याच्या खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या माणसावर तीच जबाबदारी असते आणि तोही तसाच वागू लागतो.

आणि विरोध कधी कधी बरोबर असतो, हेही लक्षात असू द्यावं. रोखणाऱ्या बलांतली काही बलं म्हणजे कुणाच्या तरी अनुभवानं शिकवलेली खबरदारी असते.

याला काही पुरावा आहे, की नुसता व्यवस्थापनाच्या वर्गातला तक्ता?

तक्ता वापरला म्हणून कंपनीचं भलं झालं, असं सिद्ध करणं अवघड आहे. त्यामागच्या कल्पनेवर मात्र प्रयोग झालेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची चणचण होती. हृदय, मूत्रपिंड असे लोक सहसा न खाणारे भाग घरोघरी वापरले जावेत असं सरकारला वाटत होतं. लेविन यांच्या प्रयोगात काही गृहिणींच्या गटांना त्यावर उत्तम व्याख्यानं दिली गेली. इतर गटांत चर्चा घडवली: अडचण काय, वास येतो का, नवरा काय म्हणेल, मग करून पाहायचं का. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला प्रकार घरी केला, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी. व्याख्यान डाव्या बाजूला जोर लावत होतं. चर्चा उजव्या बाजूचे अडथळे मोकळे करत होती, शिवाय सगळ्यांनी मिळून ठरवल्यामुळे निर्णयाला गटाचा आधारही मिळत होता.

दुसरा प्रयोग व्हर्जिनियातल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची पद्धत थोडी बदलायची होती. एका गटाला तर कपडे सपाट पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे होते, इतकंच. या गटाला नुसतं सांगितलं गेलं. त्यांचं उत्पादन खाली आलं ते वर यायलाच तयार होईना, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांनी सगळ्यांनी मिळून बदल ठरवला, त्यांनी जुनी गती लवकर गाठली आणि शेवटी तिच्याही सुमारे १४ टक्के वर गेले. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्यांना पुन्हा एकत्र आणून दुसरा बदल, या खेपेला त्यांना सहभागी करून, केला गेला. तीच माणसं, पण आता पटकन सावरली. म्हणजे माणसं हट्टी नव्हती.

आता दुसरी बाजू. हारवुडमधले गट लहान होते. १९६० मध्ये नॉर्वेतल्या पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला गेला तेव्हा उत्पादनात तसा फरक दिसला नाही. ज्या गोष्टींत कामगारांना मत विचारलं गेलं, त्यांचा उत्पादनाच्या पातळीशी थेट संबंध नव्हता, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. भिंतीचा रंग विचारायचा आणि कामाचा वेग आपण ठरवायचा, असला सहभाग लोक बरोबर ओळखतात.

वितळवा, बदला, पुन्हा गोठवा: हेच ते का?

एकाच घरातलं, पण वेगळं. ते तीन टप्पे बदलाचा क्रम सांगतात, बलक्षेत्र हे निदान आहे. लेविन यांनी तीन टप्प्यांबद्दल फार थोडं लिहिलं होतं. ते मोठं सूत्र झालं ते नंतरच्या लोकांनी वाढवल्यामुळे.

स्वॉट केलेलं असेल तर हे वेगळं करायला हवं का?

हो. स्वॉट, म्हणजे ताकद, उणिवा, संधी आणि धोके यांची यादी, कंपनी कुठे उभी आहे ते सांगतं. इथे एकच ठरावीक बदल घेतलेला असतो. स्वॉटमधल्या चार-दोन नोंदी बाण म्हणून उचलता येतील, त्यापलीकडे नाही.

एकच गोष्ट दोन्ही बाजूंना आली तर?

छान झालं. ‘खर्च’ हा शब्द जवळजवळ नेहमी दोन्हीकडे येतो: आज चुकांमुळे होणारा खर्च डावीकडे आणि नव्या यंत्रणेचा खर्च उजवीकडे. म्हणजे तो शब्द फार ढोबळ आहे. कुणाच्या खात्यातला खर्च, ते लिहा. बऱ्याचदा असं निघतं की पैसे वाचतात एका विभागाचे आणि जातात दुसऱ्याच्या अंदाजपत्रकातून. मग विरोध का होतोय ते वेगळं सांगावं लागत नाही.

किती वेळ लागतो?

मध्यम आकाराच्या बदलाला दोन बैठका. पहिलीत बाण, दुसरीत उपाय. मध्ये दोन दिवस जाऊ द्या, कारण उजवीकडचे दोन-तीन महत्त्वाचे बाण लोकांना बैठकीनंतर आठवतात.

विश्लेषणातून ‘हा बदल करूच नये’ असं निघालं तर?

तर करू नका, किंवा पुढे ढकला. हंगामाच्या ऐन गर्दीत स्कॅनर आणायचे नाहीत, एवढंच जरी ठरलं तरी दोन बैठकांचा खर्च वसूल झाला. मात्र निर्णय आधीच पक्का झाला असेल तर तसं लोकांना सांगा, आणि ‘करायचं की नाही’ हे न विचारता ‘कसं करायचं’ एवढंच विचारा. झालेला निर्णय लपवून मतं मागवली, की पुढच्या प्रत्येक तक्त्याच्या उजव्या बाजूला एक बाण कायमचा बसतो: ‘विचारतात, पण ऐकत नाहीत’.

याचा उपयोग कुठे होत नाही?

एका माणसाच्या सहीनं पूर्ण होणाऱ्या गोष्टीत. प्रश्न काय आहे हेच अजून ठरलेलं नसेल तिथे. जिथे परिस्थिती दर आठवड्याला पालटते, तिथे काढलेले बाण सुकण्याआधी शिळे होतात. आणि बलं एकमेकांत गुंतलेली असतील तर सपाट कागदावर ते नीट दिसत नाही. एक बाण हटवला की दुसरा मोठा होतो, हे तक्ता आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. गोदामात स्कॅनर नीट चालू लागले की साठ्यातली खरी तूट उघडी पडते, आणि ती ज्यांना नको असते ते तोवर शांत बसलेले असतात.

एकदा काढलेला तक्ता पुन्हा कधी पाहायचा?

बदल सुरू झाल्यावर महिन्याभरानं, त्याच माणसांबरोबर, त्याच कागदावर. वेगळ्या रंगाचं पेन घ्या. गेलेले बाण खोडा, नवे काढा. जो बाण आपण काढून टाकला असं समजत होतो आणि जो अजून तिथेच आहे, त्याच्यापासून बैठक सुरू करा. वही बंद होण्याची तारीख उलटून गेली आणि वही अजून टेबलावर असेल, तर ती उघडून शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा.